खेळाच्या नियमांची आवृत्ती

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग पाडले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगांवर वसलेला तो घाटावरचा मुलूख आणि पूर्णा नदीच्या काळ्या मातीत पसरलेला तो घाटाखालचा मुलूख. चिखली, मेहकर, लोणार ही गावे वरची. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही खालची. मलकापुराहून मोताळ्यावरून बुलढाण्यास जाताना राजूरचा घाट चढावा लागतो, तेव्हा हा भेद प्रवाशाच्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तथापि घाटाने माणसे तोडलेली नाहीत. वरच्या घरांची सोयरीक खाली आणि खालच्या घरांची वर अशी होतच असते. त्यामुळे शाळांना सुट्टी लागली, की कित्येक मुले मामाच्या गावी जाण्यासाठी हा घाट उतरतात अथवा चढतात.

अशाच एका सुट्टीतील प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. चिखलीच्या काही मुलांनी पावसाळ्यात घरी बसून एक बैठा खेळ रचला. जाड पुठ्ठ्यावर साठ घरांची वळणावळणाची वाट आखली. पहिल्या घरात मलकापूर, शेवटच्या घरात लोणारचे सरोवर आणि मध्ये मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली व मेहकर. चार कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जायचे. चारही पालथ्या पडल्या तर आठ घरे. घाटाच्या पाच घरांत मात्र कितीही मोठे दान पडले तरी एकेकच घर चढायचे. दुसऱ्याची सोंगटी बसली असेल त्या घरात आपली सोंगटी पोचली, की ती दुसऱ्याची सोंगटी मारली जाते. खेळाचे नाव ठेवले ‘घाटवाट’. नियम एका कागदावर लिहून काढले. दिवाळीत त्यांच्यापैकी एकाने मलकापूरच्या आपल्या मामेभावाला त्या कागदाची नक्कल करून दिली.

पुढे सहा महिने गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिखलीचा मुलगा मामाकडे आला आणि ओसरीवर डाव मांडला गेला. खेळ रंगात आला असता मामेभावाची सोंगटी बुलढाण्याच्या घरात पोचली व तेथे बसलेली आतेभावाची सोंगटी त्याने उचलली. आतेभाऊ म्हणाला, ‘‘गावाच्या घरात सोंगटी मरत नाही.’’ मामेभाऊ म्हणाला, ‘‘मरते!’’ दोघांनी आपापले कागद आणले. एकात लिहिले होते, की गावाच्या घरातील सोंगटी सुरक्षित आहे. दुसऱ्यात तसे अक्षरही नव्हते. उलट घाटात दोन दोन घरे चढण्याची मुभा होती. दोन्ही कागदांच्या माथ्यावर एकच शीर्षक होते : ‘घाटवाट : खेळाचे नियम’. ‘रडीचा डाव’ हा शब्द उच्चारला गेला, कवड्या उधळल्या गेल्या आणि दोन भावांचे बोलणे थांबले.

आजोबा हे सारे पाहत होते. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले आणि विचारले, ‘‘पोरांनो, आधी एवढे सांगा, यांतला जुना कागद कोणता अन् नवा कोणता?’’ या प्रश्नाला कोणाजवळही उत्तर नव्हते.

वस्तुतः दोघांपैकी कोणीही लबाड नव्हता. दिवाळीनंतर चिखलीच्या मुलांनी गावाच्या घरांना अभय दिले होते. तो नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला, की तो पहिल्यापासूनच होता अशी त्यांची खात्री झाली. मलकापूरच्या मुलांना घाट चढताना फार वेळ लागे, म्हणून त्यांनी तेथला नियम सैल केला. बदल करण्यात दोन्हीकडे काहीच गैर नव्हते. गैर एवढेच झाले, की बदल झाला आणि त्याची खूण कागदावर राहिली नाही. त्यामुळे एक खरे बोलणारा मुलगा दुसऱ्या खरे बोलणाऱ्या मुलाला खोटा ठरवू लागला.

खेळाचे नियम बदलणे ही मुळीच नवी गोष्ट नव्हे. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. खेळांचेही तसेच आहे. वाघ-बकरीचा खेळ पाहा. नेपाळात तो पंचवीस बिंदूंच्या चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या घेऊन खेळतात. दक्षिण भारतात त्रिकोणी आकृतीवर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा खेळ प्रसिद्ध आहे. मोक्षपटाचीही अशीच गोष्ट आहे. या खेळाचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला आहे. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेल्या या पटाची जुनी रूपे पाहिली, तर वैष्णव पटांत बहुधा बहात्तर आणि जैन पटांत चौऱ्याऐंशी घरे आढळतात. पुढे हा खेळ इंग्लंडात गेला आणि शंभर घरांचा सापशिडीचा खेळ बनून परत आला. खेळ एकच, पण त्याची रूपे अनेक.

नियम बदलला म्हणजे केवळ पट बदलत नाही. खेळाडूने कष्टाने मिळविलेले कौशल्यही त्याबरोबर हलते. बुद्धिबळाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. आपल्याकडील जुन्या पद्धतीत प्यादे आरंभापासून एकेकच घर पुढे जाई. युरोपीय पद्धतीत पहिल्या खेपेस त्याला दोन घरे जाता येते. आपल्याकडे आजच्यासारखे किल्लेकोट नव्हते. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. पंजाबातील मीर सुलतान खान हा देशी पद्धतीने खेळण्यात तरबेज झालेला खेळाडू १९२९ साली इंग्लंडास गेला. तेथे त्याला परक्या नियमांनी खेळावे लागले. डावाच्या आरंभीच्या खेळ्यांचे पुस्तकी ज्ञान त्याच्याजवळ बेताचे होते; तरीही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. त्याच्या बुद्धीची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्याला हे यश मिळविता आले याचे एक कारण असे, की आपण कोणत्या नियमांनी खेळत आहोत हे पटावर बसण्यापूर्वीच त्याला स्पष्टपणे ठाऊक होते. नियम निराळे असले तरी माणूस ते शिकू शकतो. नियम कोणते हेच ठाऊक नसेल तर मात्र मोठा बुद्धिमानही हतबल होतो.

ही अडचण एकट्या खेळांचीच नाही. जेथे जेथे एका लेखाच्या अनेक नकला होतात, तेथे तेथे ती उभी राहते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरून घेतली जात होती. कोणाच्या हातून शब्द गळला, कोणी न समजलेला शब्द बदलला, कोणी पदरची भर घातली. अखेर पैठणचे संत एकनाथ यांनी निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण हे काम कोणत्या शकात केले याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ठेवली आणि यापुढे कोणी त्यात आपल्या ओव्या मिसळू नयेत असेही बजावून ठेवले. शुद्ध प्रत तयार करणे आणि ती केव्हाची हे सांगणे, ही दोन्ही कामे त्यांना सारखीच आवश्यक वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

छापील पुस्तकांच्या युगात या खुणेला ‘आवृत्ती’ हे नाव मिळाले. शाळेतील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडून त्याचे आरंभीचे पान पाहावे. तेथे ‘प्रथमावृत्ती’ असा शब्द आणि वर्ष छापलेले असते. पुढे कित्येकदा ‘पुनर्मुद्रण’ असा शब्द आणि दुसरे वर्ष असते. हे दोन शब्द निराळे का? पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. नवी अथवा सुधारित आवृत्ती म्हणजे मजकुरात बदल करून छापणे. थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्या भावाला चालेल किंवा नाही, हे ठरविण्यासाठी एवढे एक पान पुरेसे होते. पुनर्मुद्रण असेल तर निश्चिंतपणे वापरावे. आवृत्ती नवी असेल तर धडे ताडून पाहावेत.

शेतकऱ्याच्या घरात तर याहूनही ओळखीचे उदाहरण सापडते. जमिनीच्या सातबाऱ्यावर एखाद्या खातेदाराचे नाव बदलते, तेव्हा ते कोणी मनास येईल तसे खोडून बदलत नाही. आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद होते. त्या नोंदीला क्रमांक असतो, तारीख असते, आणि वारसाने, खरेदीने की वाटणीने बदल झाला हे कारण असते. मग तो फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर येतो. जुने नाव नाहीसे होत नाही. त्याला कंस केला जातो, म्हणजे ते पूर्वी होते आणि आता लागू नाही, हे दोन्ही कळते. ओसरीवरच्या आजोबांनी जुना कागद कोणता असे विचारले, ते याच सवयीमुळे. ज्या माणसाने जन्मभर फेरफाराचे उतारे जपले, त्याला क्रमांकावाचूनच्या कागदाचे भय चांगले ठाऊक असते.

तर मग ‘घाटवाट’ खेळाच्या नियमांना क्रमांक कसा द्यावा? पहिल्या कागदाला एक, दुसऱ्याला दोन असे सरळ क्रमांक देता येतील. त्यायोगे जुने-नवे कळेल. परंतु तेवढ्याने सारे काम भागत नाही. बदल किती मोठा आहे हे त्यावरून कळत नाही. एखाद्या कागदात केवळ ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली असेल आणि दुसऱ्यात खेळच उलटापालटा झाला असेल. तरी दोन्ही ठिकाणी क्रमांक एकानेच वाढलेला दिसेल.

या अडचणीवर संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या लोकांनी एक सुटसुटीत तोड काढली आहे. एकाने लिहिलेली आज्ञावली हजारो जण वापरतात आणि तिच्यात वारंवार बदल होतात. म्हणून त्यांना हा प्रश्न फारच जाचक झाला होता. आवृत्तीचा क्रमांक एकाऐवजी तीन अंकांचा करावा आणि मध्ये टिंबे द्यावीत, ही रीत त्यांच्यात रुळली. टॉम प्रेस्टन-वर्नर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने या रीतीचे काटेकोर नियम लिहून काढले. विशेष असे, की त्या नियमांच्या लेखालाही त्याने त्याच पद्धतीने क्रमांक दिला. २०१३ साली त्याची २.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. हीच रीत घरी रचलेल्या खेळालाही फार चांगली लागू पडते.

समजा, चिखलीच्या मुलांच्या पहिल्या पूर्ण कागदाला १.०.० असा क्रमांक दिला. त्यात ‘मारलेली सोंगटी परत जाते’ असे वाक्य होते. परत म्हणजे कोठे? मलकापुरास, की मागच्या गावास? सर्व मुले पहिल्यापासून मलकापूर असेच समजून खेळत होती. लिहिण्यात तेवढी उणीव राहिली होती. म्हणून ‘मारलेली सोंगटी मलकापूरच्या घरात परत जाते’ असे वाक्य केले. येथे खेळ बदललेला नाही. केवळ लेखन सुधारले आहे. अशा वेळी शेवटचा अंक वाढवावा. कागद १.०.१ झाला.

पुढे एके दिवशी सहा मुले जमली. मूळ नियम चार खेळाडूंपुरतेच होते. सहा जण असतील तर प्रत्येकाने दोनऐवजी एकच सोंगटी घ्यावी, असा नवा नियम जोडला. चार जणांच्या खेळात यामुळे तिळमात्र फरक पडत नाही; ज्याबद्दल जुना कागद मुका होता, त्याबद्दल नवा कागद बोलू लागला इतकेच. अशा वेळी मधला अंक वाढवावा आणि शेवटचा अंक पुन्हा शून्य करावा. कागद १.१.० झाला.

मग हिवाळ्यात मुलांनी ठरविले, की गावाच्या घरात सोंगटी मारता येणार नाही. हा बदल निराळ्या जातीचा आहे. कालपर्यंत जी खेळी योग्य होती, ती आज चूक ठरली. बुलढाण्याच्या अलीकडे टपून बसण्याचा जो डावपेच होता, तो व्यर्थ झाला. जुना कागद वाचून आलेला खेळाडू येथे फसणारच. अशा वेळी पहिला अंक वाढवावा आणि पुढचे दोन्ही अंक शून्य करावेत. कागद २.०.० झाला.

कोणता अंक वाढवावा याचा संशय पडला, तर एक प्रश्न विचारावा : जुना कागद पाठ असलेला खेळाडू नव्या कागदाच्या डावात बसला, तर पूर्वी योग्य असलेली त्याची एखादी खेळी आता चूक ठरेल काय? ठरत असेल, तर पहिला अंक वाढवावा. ठरत नसेल, पण त्याला काही नवीन शिकावे लागत असेल, तर मधला. नवीन शिकण्यासारखेही काही नसून केवळ वाचणे सोपे झाले असेल, तर शेवटचा. या एका प्रश्नावर सारी पद्धत उभी आहे. क्रमांक म्हणजे कागदाचे वय सांगणारा आकडा नव्हे; तो दुसऱ्या माणसाला दिलेला इशारा आहे. ‘सावध, येथे तुझे जुने ज्ञान चालणार नाही,’ असे पहिला अंक सांगतो. ‘तुझे जुने ज्ञान चालेल, पण येथे थोडे अधिक आहे,’ असे मधला सांगतो. ‘निर्धास्त खेळ,’ असे शेवटचा सांगतो.

येथे गणितात हुशार असलेल्या मुलांची एक चूक होण्याचा संभव असतो. १.९.० नंतर काय येते? पुष्कळ जण २.०.० असे उत्तर देतील. ते बरोबर नाही. मधला अंक नऊनंतर दहा होतो, म्हणून १.९.० च्या नंतर १.१०.० येते आणि ते १.९.० च्या पुढचे असते. या क्रमांकातील टिंब हे दशांश चिन्ह नव्हे. पुस्तकातील प्रकरण आणि त्याखालचा परिच्छेद यांना जसे क्रमांक देतात, तसे हे तीन स्वतंत्र आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम टिंबे करतात. मोजणी पुढे सरकली म्हणून पहिला अंक कधीही आपोआप वाढत नाही. तो वाढविण्यास खरे कारण घडावे लागते.

खेळ अजून कच्चा असेल, नियम रोज बदलत असतील, तर क्रमांकाचा आरंभ शून्याने करावा. ०.१.०, ०.२.० असे क्रमांक पाहिले, की वाचणाऱ्याने ओळखावे की हा खेळ अद्याप घडतो आहे. त्यावर भरवसा ठेवून पैज लावू नये. कुंभार कच्चे मडके विहिरीवर पाठवीत नाही. त्याचप्रमाणे खेळ पुरेसा खेळून, नियम भाजून पक्के झाल्यावरच त्याला १.०.० हा क्रमांक द्यावा आणि मगच त्याची नक्कल परगावी पाठवावी.

क्रमांकाबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे तारीख. दुसरी म्हणजे बदलांची नोंद. नियमांच्या कागदाच्या पाठीमागे दर आवृत्तीसाठी एक ओळ लिहावी : क्रमांक, दिवस, काय बदलले आणि का बदलले. ‘का’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गावाच्या घरांना अभय कशासाठी दिले? लहान भावंडांच्या सोंगट्या एकसारख्या मरत आणि ती रडून उठून जात, म्हणून. हे कारण लिहिलेले असेल, तर दोन वर्षांनी कोणी तो नियम काढून टाकावयास निघाला, तर त्याला आधी त्या लहान मुलांचा विचार करावा लागेल. कारण न लिहिलेला नियम लवकरच निरर्थक वाटू लागतो. जुने कागदही फाडू नयेत. सातबाऱ्यावरील कंसाप्रमाणे त्यांवर ‘आता लागू नाही’ असे लिहून ते जपून ठेवावेत.

आता मलकापूरच्या मुलांकडे वळू. त्यांनी १.०.० या कागदावरून स्वतंत्रपणे घाटाचा नियम बदलला. त्यांच्याही कागदाला २.०.० म्हणावे काय? तसे केले तर एकाच क्रमांकाचे दोन भिन्न कागद होतील आणि क्रमांक असून नसल्यासारखा होईल. आवृत्तीच्या क्रमांकाचा पहिला धर्म असा आहे, की एका क्रमांकाखाली एकच मजकूर असावा, आणि क्रमांक देऊन झालेल्या कागदात पुन्हा कधीही गुपचूप हात घालू नये. तेव्हा दोन मार्ग उरतात. एक तर दोन्ही गावच्या मुलांनी एकत्र बसून दोन्ही बदल मान्य करावेत किंवा नाकारावेत आणि एकच कागद पुढे चालवावा. नाहीतर खेळाच्या दोन शाखा झाल्या असे उघड मान्य करावे आणि ‘घाटवाट, घाटावरची २.०.०’ व ‘घाटवाट, घाटाखालची २.०.०’ अशी निराळी नावे द्यावीत. दोन शाखा होणे हा अपराध नव्हे. वाघ-बकरीच्या आणि मोक्षपटाच्या शाखा झाल्या म्हणूनच ते खेळ ठिकठिकाणी जगले. शाखांना निराळे नाव न देणे, हा मात्र घोटाळ्याचा उगम आहे.

मोठ्या खेळांच्या संस्थांनाही हीच शिस्त पाळावी लागते. खो-खोचा खेळ महाराष्ट्रात गावोगाव आपापल्या रीतीने खेळला जाई. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. नियम छापले गेले तेव्हाच परगावच्या दोन संघांना एका मैदानावर निःशंकपणे उतरता आले. बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. ती आपल्या नियमांत फेरफार करते, तेव्हा ते कोणत्या दिवसापासून लागू होणार हे आधी जाहीर करते. २०२३ सालच्या १ जानेवारीपासून तिची एक नियमावली अशीच लागू झाली. त्या दिवसापूर्वी सुरू झालेला डाव जुन्या नियमांनी आणि नंतरचा नव्या नियमांनी. घरच्या खेळातही हा दंडक पाळावा. पट मांडला, पहिली कवडी पडली, की त्या डावापुरता कागद गोठला. नियम अन्यायाचा वाटला तर डाव संपल्यावर बोलावे, सर्वांच्या मते बदलावे, नवा क्रमांक घालावा आणि पुढच्या डावापासून तो लागू करावा. हरत असलेल्या खेळाडूने मध्येच सुचविलेला नियम कितीही चांगला असला, तरी त्या घटकेस तो नियम नसून सबब असते.

क्रमांक देण्याच्या रीतीत मनुष्याची श्रद्धाही कधी कधी प्रकट होते. डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणितज्ञाने पुस्तकांची जुळणी करण्यासाठी ‘टेक्’ नावाची आज्ञावली रचली. यापुढे तिच्यात नवे काही घालावयाचे नाही, केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, असा त्याने निश्चय केला. मग प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा क्रमांक एकाने न वाढविता तो वर्तुळाच्या परिघाशी निगडित असलेल्या ‘पाय’ या संख्येच्या एकेक अंकाने लांबविण्याची रीत त्याने स्वीकारली. ३.१, ३.१४ असे करीत २०२१ साली तो क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. वाट कधी संपत नाही, पण प्रत्येक पाऊल मागच्याहून लहान आणि पूर्णतेच्या अधिक जवळ. चांगला नियम असाच शेवटी स्थिरावतो.

हीच गोष्ट खेळाच्या पटावरून उचलून राष्ट्राच्या व्यवहारात पाहावी. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्यात पहिली दुरुस्ती १९५१ साली झाली आणि २०२३ सालापर्यंत दुरुस्त्यांची संख्या १०६ झाली. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक आहे, वर्ष आहे, आणि तिची चर्चा लोकांसमोर झाल्याची नोंद आहे. कोट्यवधी माणसांनी एका नियमावलीने एकत्र राहावयाचे, तर नियम बदलूच नयेत असे म्हणून चालत नाही. आणि कोणी एकाने कोणास न सांगता बदलावेत असेही चालत नाही. बदल हवा, परंतु तो सर्वांना दिसणारा हवा. ज्या मुलाला आपल्या खेळाच्या कागदावर प्रामाणिकपणे १.०.१ लिहिता येते, त्याने या मोठ्या व्यवहाराचे पहिले अक्षर गिरविले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मलकापूरच्या त्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत दोन्ही भावांचा राग ओसरला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आठवून आठवून मूळचा कागद पुन्हा लिहिला. त्यावर १.०.० घातले. गावाच्या घरांचे अभय दोघांनाही पसंत पडले. घाटातील सवलत मात्र आतेभावाला रुचेना. तेव्हा गावाच्या अभयाचा कागद २.०.० झाला आणि घाटाच्या नियमासमोर ‘पुढील सुट्टीत विचार करावा’ अशी टीप राहिली. कागदाच्या पाठीमागे तारीख व कारण लिहून दोघांनी सह्या केल्या. आजोबांनी तो कागद चष्मा लावून वाचला, नोंद जागच्या जागी आहे हे पाहिले आणि कवड्यांची डबी मुलांच्या हाती दिली. नवा डाव सुरू झाला. त्या डावात कोण जिंकले हे महत्त्वाचे नाही. हरलेल्याला आपण फसविले गेलो असे वाटले नाही, हे महत्त्वाचे.